इतिहासाच्या एमसीक्यूत चुकीचा पर्याय येतो कुठून?

2025 पासून एमपीएससीच्या (महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या) राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि तेव्हापासून जिथे बघावं तिथे उत्तरलेखनाचीच चर्चा चालू आहे. प्रस्तावना कशी लिहायची, शब्दमर्यादा कशी पाळायची वगैरे. ते सगळं महत्त्वाचं आहेच, पण मेन्सपर्यंत, म्हणजे मुख्य परीक्षेपर्यंत, पोचायला आधी पूर्व परीक्षा पास व्हावी लागते आणि पूर्व अजूनही चार पर्यायांच्या प्रश्नांचीच, म्हणजे एमसीक्यूचीच आहे. त्यातल्या इतिहासाबद्दल पोरं जे बोलतात ते ऐकून खरंच वाईट वाटतं. "मॅडम, सगळं वाचलेलं होतं, पर्याय बघितले आणि गोंधळ झाला." अभ्यासिकेत दर पूर्वनंतर हेच वाक्य कानावर येतं. वर्षभर मान मोडून वाचलेल्या पोराचा इतिहासातच घात व्हावा हे मला पटत नाही, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं एवढंच आहे की बरोबर उत्तर पाठ करणं हा अर्धा अभ्यास झाला, उरलेला अर्धा म्हणजे चुकीचा पर्याय कसा तयार होतो ते ओळखणं. हा दुसरा अर्धा कुणी करतच नाही.

आधी परीक्षा काय आहे ते बघू

राज्यसेवा पूर्वचा पहिला पेपर 100 प्रश्नांचा, 200 गुणांचा, वेळ 2 तास. म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. गट ब आणि गट क च्या संयुक्त पूर्वमध्ये 100 प्रश्न एका तासात, म्हणजे 36 सेकंद. दोन्हीकडे निगेटिव्ह मार्किंग आहे, म्हणजे उत्तर चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक चतुर्थांश गुण वजा होतात. यूपीएससीत (केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत) एक तृतीयांश जातात. तलाठी किंवा पोलीस भरतीसारख्या ज्या परीक्षांत निगेटिव्ह नाही तिथे एकही प्रश्न सोडायचा नाही, तो विषय तिथेच संपला. तरी ज्या परीक्षेला बसताय तिची जाहिरात स्वतः वाचा, ग्रुपवर आलेल्या फॉरवर्डवर जाऊ नका.

इतिहासाचा प्रश्न गणितासारखा नसतो हेही लक्षात घ्या. गणितात उत्तर काढून ताळा करता येतो, इतिहासात तसं काही नाही. तिथे डोक्यात जे आहे तेच, आणि प्रश्न काढणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं की तुमच्या डोक्यात बरंचसं अर्धवट आहे.

ओळखीचं वाटणं आणि माहीत असणं

एखाद्या लग्नात समोरून कुणीतरी हसत येतं, चेहरा एकदम ओळखीचा असतो, आपणही हसतो, पण हे मुलीकडचे की मुलाकडचे, नाव काय, काही केल्या आठवत नाही. पर्याय वाचताना नेमकं हेच होतं. नाव ओळखीचं दिसतं आणि मेंदू म्हणतो, हेच.

आता हा प्रश्न बघा. केसरीचे पहिले संपादक कोण? पर्याय आहेत टिळक, आगरकर, विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि वामन शिवराम आपटे. ज्याला इतिहासातलं ओ की ठो कळत नाही तो कुठेतरी टिक करेल आणि चारात एकदा बरोबर येईल. ज्याने अर्धवट वाचलंय तो मात्र डोळे झाकून टिळक लिहिणार, कारण केसरी म्हटलं की टिळक हे समीकरण आपल्याकडे लहानपणापासून बसलेलं आहे. उत्तर आहे आगरकर. 1881 मध्ये केसरी आणि मराठा सुरू झाले तेव्हा केसरी आगरकरांकडे होता आणि इंग्रजी मराठा टिळकांकडे.

म्हणजे अर्धवट माहितीवाला इथे काहीच माहीत नसलेल्यापेक्षा मागे पडला. हे ज्याला नीट समजलं त्याला या परीक्षेची निम्मी भीती राहत नाही. तुमचं नशीब वाईट नसतं हो, तो पर्याय तुमच्यासारख्या वाचलेल्या माणसासाठीच तिथे ठेवलेला असतो.

बाकीचे दोन पर्यायही उगाच आलेले नाहीत. चिपळूणकर न्यू इंग्लिश स्कूलच्या 1880 च्या स्थापनेतले, केसरी-मराठ्याच्या मागे उभे असलेले. आपटे फर्ग्युसन कॉलेजचे पहिले प्राचार्य, आणि तिथेही लोक आगरकर लिहून मोकळे होतात, आगरकर प्राचार्य झाले ते आपट्यांनंतर. चारही माणसं त्याच पुण्यातली, त्याच दहा वर्षांतली, त्याच गोतावळ्यातली. चुकीचा पर्याय येतो तो असा, शेजारच्या खऱ्या माहितीतून.

शेजार किती प्रकारचे

एकदा हे दिसायला लागलं की सगळीकडे दिसतं. भावाभावांचा घोळ घ्या. दादोबा पांडुरंग आणि आत्माराम पांडुरंग हे सख्खे भाऊ, दादोबा परमहंस सभेचे आणि आत्माराम 1867 च्या मुंबईतल्या प्रार्थना समाजाचे. नुसतं "पांडुरंग" लक्षात ठेवून गेलेला माणूस इथे हमखास पडतो. मग एकाच माणसाची अनेक कामं असतात, बाबासाहेबांची चार पत्रं आणि चार वर्षं, त्यांची अदलाबदल करणं प्रश्न काढणाऱ्याला फार सोपं. एकाच तारखेच्या दोन घटना असतात, 24 सप्टेंबर हा 1873 मध्ये सत्यशोधक समाजाच्या स्थापनेचा दिवस आणि 1932 मध्ये दलितांच्या राखीव जागांबद्दलच्या पुणे कराराचाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे एकाच नावाच्या दोन घटना. यावर जरा थांबूया कारण इथे मार्क फार जातात.

प्रश्न असा: पुढील तह कालक्रमानुसार लावा. सालबाई, पुरंदर, सुरत, वडगाव. पुरंदर म्हटलं की महाराज, मिर्झाराजे जयसिंग, 1665 हे आपल्या रक्तातच आहे. मग पोरगा पुरंदर पहिला ठेवतो आणि पर्यायांत तसा एक पर्याय असतोच. पण बाकीचे तिन्ही तह पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातले आहेत, म्हणजे हा पुरंदर 1776 चा. सनावळी आठवत नसेल तर गोष्ट आठवा. राघोबादादा पेशवेपदासाठी मुंबईच्या इंग्रजांकडे गेले आणि सुरतेला तह झाला (1775). कलकत्त्याच्या इंग्रजांना तो पसंत पडला नाही, त्यांनी कर्नल अप्टनला पाठवून पुणे दरबाराशी वेगळा तह केला, तो पुरंदर (1776). मुंबईकर इंग्रजांनी तरी राघोबाला घेऊन पुण्याकडे चाल केली, वाटेत मार खाल्ला आणि वडगावला नमतं घ्यावं लागलं (1779). शेवटी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाई (1782). तह केला, मोडला, लढले, हरले, मिटवलं. ज्याला ही भांडणाची गोष्ट सांगता येते त्याला चारही सनं विसरली तरी क्रम चुकायचा नाही.

कालक्रमाच्या प्रश्नात चारही जागा लावत बसायचं नाही हेही सांगून ठेवते. सगळ्यात पहिली आणि सगळ्यात शेवटची घटना ठरवा आणि पर्याय बघा, बऱ्याचदा तिथेच एक उरतो.

विधानांचे प्रश्न कसे सोडवायचे

आयोगाचा आवडता प्रकार, आणि पोरांचा नावडता. खरं तर हाच सगळ्यात जास्त मदत करणारा प्रकार आहे कारण पर्यायच अर्धं काम करून देतात. मी बनवलेला एक प्रश्न घ्या.

अ) सत्यशोधक समाजाची स्थापना 1873 मध्ये पुण्यात झाली.
ब) प्रार्थना समाजाची स्थापना दादोबा पांडुरंग यांनी केली.
क) सार्वजनिक सभेची स्थापना 1870 मध्ये पुण्यात झाली.
बरोबर विधाने कोणती? 1) फक्त अ 2) अ आणि ब 3) अ आणि क 4) वरील सर्व

बहुतेक जण अ पासून सुरू करतात आणि 1873 की 1875 यावर पंधरा सेकंद घालवतात. पण पर्याय बघा, अ चारही पर्यायांत आहे, म्हणजे तो तपासायचीच गरज नाही, तो बरोबर असणारच. ब बद्दल वर वाचलंत, चूक आहे, लगेच 2 आणि 4 गेले. आता फक्त क ठरवायचंय. सार्वजनिक सभा 1870, पुणे, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका. उत्तर 3. आणि समजा क आठवलं नाही तरी आता चारातून निवडायचं नाहीये, दोनातून निवडायचंय.

याला एलिमिनेशन म्हणतात, म्हणजे बरोबर शोधण्याऐवजी चुकीचं काढून टाकणं. सवय एकच लावून घ्या, आधी सगळी विधानं वरवर वाचायची, मग पर्याय, आणि मग ज्या विधानाबद्दल सगळ्यात जास्त खात्री आहे तिथून सुरुवात. जोड्या लावा मध्येही तसंच, दोन पक्क्या जोड्या असल्या की चारही लावायची वेळ क्वचितच येते.

"अयोग्य विधान ओळखा" असेल तर "अयोग्य" ला पेनाने गोल करा. हे बालिश वाटतं, पण घाईत पहिलंच बरोबर विधान दिसलं की हात तिकडे जातो आणि येत असलेला प्रश्न चुकतो. येत असलेला प्रश्न चुकला की दुप्पट त्रास होतो, मी तो त्रास पोरांच्या चेहऱ्यावर बघितलाय.

विधान आणि कारण या प्रकारात दोन्ही खरं असणं पुरेसं नसतं. विधान: काँग्रेसचं पहिलं अधिवेशन पुण्याऐवजी मुंबईत भरलं. कारण: त्या अधिवेशनाचे अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी होते. दोन्ही खरं आहे. पण मध्ये "कारण" घालून वाचा, "मुंबईत भरलं कारण बॅनर्जी अध्यक्ष होते", काही अर्थ लागतो का? पुण्यात कॉलऱ्याची साथ होती म्हणून ते मुंबईला हलवलं होतं. एवढं वाचून बघितलं तरी हा प्रकार हातात येतो.

"फक्त, सर्व, कधीही असे शब्द दिसले की चूक" हे खरं का?

ही ट्रिक सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे प्रश्न काढणाऱ्यालाही माहीत आहे. "सत्यशोधक समाजाचं सदस्यत्व सर्व जातीधर्मांच्या लोकांना खुलं होतं" यात सर्व आहे आणि विधान बरोबर आहे. "पुणे करारावर गांधीजींनी स्वतः सही केली नाही" हे ऐकायला किती टोकाचं वाटतं, पण खरं आहे, एका बाजूने बाबासाहेबांची आणि दुसऱ्या बाजूने मदन मोहन मालवीयांची सही आहे. त्यामुळे असा शब्द दिसला की थांबून तपासा एवढंच, त्यावरून निकाल लावू नका. सगळ्यात लांब पर्याय बरोबर असतो, सलग तीन वेळा 2 आला म्हणजे आता 2 नसणार, असल्या गोष्टींवर तर एक सेकंदही घालवू नका.

याउलट एक गोष्ट खरंच बघण्यासारखी असते, विधानाच्या शेवटी जोडलेला तपशील. "पुणे करारानुसार दलितांना प्रांतिक कायदेमंडळात 148 जागा स्वतंत्र मतदारसंघाद्वारे मिळाल्या." आकडा बरोबर आहे, प्रांतिक कायदेमंडळ बरोबर आहे, वाचणारा आकड्याची खात्री करण्यात गुंततो आणि चूक शेवटच्या तीन शब्दांत असते. स्वतंत्र मतदारसंघ, म्हणजे जिथे फक्त दलितच मत देणार, ते ऑगस्ट 1932 च्या जातीय निवाड्यात (ब्रिटिश सरकारच्या निर्णयात) होते, करारात राखीव जागा आल्या त्या संयुक्त मतदारसंघात, म्हणजे जिथे सगळे मिळून मत देणार. पहिला भाग खरा आणि शेपटी खोटी, ही रचना इतकी नेहमीची आहे की विधान शेवटून मागे वाचायची सवय लावली तरी फायदा होतो.

तुक्का मारायचा की सोडायचा?

आता हिशोब करू, भावना बाजूला ठेवून. राज्यसेवा पूर्वमध्ये एक प्रश्न 2 गुणांचा, चुकला तर 0.5 जातो. समजा 20 प्रश्नांत तुम्ही दोन पर्याय काढून टाकले आणि उरलेल्या दोनात अडकलात. सरासरी 10 बरोबर येतील, 20 गुण मिळाले, 10 चुकतील, 5 गेले, हातात 15. हे 20 प्रश्न सोडून आलात तर हातात शून्य. कटऑफला एकेका मार्कावर किती पोरं अडकतात हे मी सांगायला नको, त्यामुळे दोनात अडकलेला प्रश्न सोडणं मला अजिबात मान्य नाही.

एकच पर्याय काढता आला, तीन उरले, तरी हिशोब फायद्याचाच आहे. प्रश्न येतो तो एकही काढता आला नाही तेव्हा. कागदावर 20 अशा प्रश्नांत 5 बरोबर, 10 गुण, 15 चूक, 7.5 गेले, तरी अडीच हातात उरतात. यूपीएससीत एक तृतीयांशमुळे हाच हिशोब बरोबर शून्यावर येतो. पण हे अडीच सरासरीचे आहेत, एखाद्या दिवशी 20 पैकी 2 च लागले तर 4 मिळून 9 जातात, म्हणजे उणे 5. आणि केसरीचा प्रश्न आठवा, काहीच माहीत नाही असं वाटतं तेव्हाही हात ओळखीच्या नावाकडे ओढला जातो, त्यामुळे चारात एक हा हिशोब प्रत्यक्षात तेवढाही लागत नाही. म्हणून माझं मत असं की एमपीएससीत एक पर्याय जरी खात्रीने काढता आला तरी लिहा, एकही निघत नसेल तर सोडा आणि त्याची चुटपूट लावून घेऊ नका.

"म्हणजे अभ्यास न करता ट्रिकवर पास व्हायचं?"

नाही. हे सगळं वाचून कुणी तसं समजलं तर मला खरंच वाईट वाटेल. पर्याय काढून टाकायलाही माहितीच लागते, उलट जास्त लागते. दादोबांचं काम माहीत असल्याशिवाय ब विधान काढता आलं असतं का? फरक फक्त अभ्यासाच्या दिशेत आहे.

जुन्या पेपरचा सराव सगळे करतात. उत्तरतालिका बघितली, बरोबर आलं, पुढचा प्रश्न. त्याऐवजी प्रत्येक चुकीच्या पर्यायाला विचारा, हा पर्याय कुठल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे? सुधारक हे पत्र कुणाचं, या प्रश्नात आगरकर बरोबर आले, छान, पण दर्पण, दीनबंधु आणि प्रभाकर पर्यायांत होते ना, मग दर्पण 1832 बाळशास्त्री जांभेकर, दीनबंधु 1877 कृष्णराव भालेकर, प्रभाकर भाऊ महाजन, हे वहीत गेलं पाहिजे. एका प्रश्नातून चार प्रश्न तयार झाले. वेळ जास्त लागतो, रोज शंभर प्रश्न सोडवल्याचा आनंद मिळत नाही, पण पंचवीस प्रश्न असे केलेत तर ते खरंच तुमचे होतात.

"माझ्या सनावळ्या राहतच नाहीत"

कुणाच्याच राहत नाहीत, सुट्या सनावळ्या टिकत नाहीत. बाबासाहेबांची पत्रं घ्या. मूकनायक 1920, बहिष्कृत भारत 1927, जनता 1930, प्रबुद्ध भारत 1956, अशी घोकली तर आठवड्यात गेली. त्याऐवजी बाजूला काय चाललं होतं ते ठेवा. 1920 ला सार्वजनिक कामाची सुरुवात आणि शाहू महाराजांची मदत, 1927 ला महाडचा सत्याग्रह, 1930 ला काळाराम मंदिर आणि गोलमेज परिषद, 1956 ला धम्मदीक्षा. प्रत्येक पत्र एका लढ्याला बांधलं गेलं की वर्ष आपोआप येतं, आणि वर्ष नाही आलं तरी क्रम येतो, परीक्षेत बऱ्याचदा क्रमच पुरतो.

जिथे पुस्तकापुस्तकांत तारखा वेगळ्या सापडतात तिथे स्टेट बोर्डाचं पुस्तक धरा, आणि दोन मतं आहेत हे माहीत असू द्या. शिवजन्माचंच घ्या, जुन्या पुस्तकांत 1627 सापडतं, राज्य सरकारने मान्य केलेली तारीख 19 फेब्रुवारी 1630 आहे.

पेपर हातात आल्यावर

तीन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत वाचताक्षणी येणारे प्रश्न, दुसऱ्या फेरीत दोनात अडकलेले, तिसऱ्यात वेळ उरला तर बाकीचे. कच्च्या कामासाठी जागा असते तिथे दोनात अडकलेल्या प्रश्नांचे नंबर आणि उरलेले दोन पर्याय लिहून ठेवा, म्हणजे परत आल्यावर पहिल्यापासून विचार करावा लागत नाही. पुढच्या एखाद्या प्रश्नात मागच्याचं उत्तर लपलेलं असतं, हे इतिहासात फार होतं.

पहिलं मनात आलेलं उत्तर कधी बदलू नये असं म्हणतात. यावर जगभर बरेच अभ्यास झालेत आणि बदललेली उत्तरं चुकीवरून बरोबर होण्याचं प्रमाण उलट्यापेक्षा जास्त दिसलंय. आपल्याला बदलून चुकलेलं उत्तर फार वर्षं बोचत राहतं, बदलून बरोबर आलेलं आपण विसरून जातो. फक्त बदलायला नवीन कारण हवं, काहीतरी आठवलं असेल, प्रश्नातला "अयोग्य" आधी दिसला नसेल, असं काहीतरी. नुसती धाकधूक वाढली म्हणून बदलू नका. आणि ओएमआरवर, म्हणजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकेवर, पेनाने भरलेला गोल बदलता येत नाही, तेव्हा ज्या प्रश्नाबद्दल शंका आहे त्याचा गोल दुसऱ्या फेरीपर्यंत भरूच नका.

शेवटची दहा मिनिटं नवीन प्रश्नाला द्यायची नाहीत. प्रश्न सोडत सोडत पुढे गेलेल्याचा एक गोल सरकतो आणि मग खालचे सगळे सरकतात, म्हणून दर दहा प्रश्नांनी पुस्तिकेतला नंबर आणि उत्तरपत्रिकेवरचा नंबर ताडून बघा, आणि सोडलेल्या प्रश्नाची ओळ कोरीच आहे ना तेही.

घरी आल्यावर पहिली उत्तरतालिका येते तीही नीट बघा. ती अंतिम नसते, हरकती मागवतात, आणि दरवेळी काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. इतिहासात असे प्रश्न निघतात कारण दोन पुस्तकांत दोन गोष्टी असतात. तुमचं उत्तर पाठ्यपुस्तकात छापलेलं असेल तर त्या पानाचा पुरावा जोडून मुदतीत हरकत घ्या, दुसरं कुणीतरी घेईल म्हणून बसू नका.